फॉय नदीवरील चढणीच्या नोंदी : हंगाम २०२२

१ एप्रिल २०२२, शुक्रवार

आजपासून कॉर्नवॉलमधील फॉय नदीवर सॅमन आणि सी ट्राउट (समुद्रात जाऊन नदीत परतणारा ट्राउट) या दोन्ही माशांचा हंगाम सुरू झाला. सी ट्राउटचा हंगाम ३० सप्टेंबरला संपेल, सॅमनचा मात्र १५ डिसेंबरपर्यंत चालेल. इंग्लंडमधील बहुतेक नद्या त्याच्या बऱ्याच आधी बंद होतात. परंतु फॉय आणि तिची शेजारीण कॅमल या दोन्ही नद्यांत सॅमन उशिरा चढतो, म्हणून येथे ही मुदत दिलेली आहे.

या हंगामात आमच्या गळाने मासेमारी करणाऱ्यांच्या क्लबने माझ्याकडे एक काम सोपवले आहे. लॉस्टविथिएल गावच्या जुन्या दगडी पुलापासून वर रेस्टॉर्मेलच्या बंधाऱ्यापर्यंत जो दीड-दोन किलोमीटरचा पट्टा आहे, त्यातील भरतीची वेळ, नदीची पातळी, पाण्याचे तापमान आणि मासा दिसल्याची किंवा गळाला लागल्याची हकीकत एकाच वहीत, एकाखाली एक लिहीत जायची. या चारही गोष्टींची माहिती आजवर कुठे ना कुठे नोंदली जात होती, पण ती एकमेकींशेजारी मांडून कोणी पाहिलेली नव्हती. खाडीत आलेला मासा गोड्या पाण्यात नेमका केव्हा शिरतो, आणि त्यावरून आपण नदीवर केव्हा जावे व केव्हा घरी थांबावे, हे मला शोधायचे आहे. क्लबला इंग्रजी तक्ता जाईलच. या सविस्तर नोंदी मराठीत ठेवण्याचे कारण असे की, पहिल्या पावसात ओढ्याने वर येणारे चढणीचे मासे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या नदीत काय चालते ते सांगायला मला फार प्रस्तावना करावी लागणार नाही.

नदी लहान आहे. बॉडमिन मूर या पठारावर, ब्राउन विली टेकडीच्या पायथ्याशी उगम पावून सुमारे ४० किलोमीटरमध्ये ती समुद्राला मिळते. वरचा भाग ग्रॅनाइटचा आणि दलदलीचा असल्यामुळे पाणी चहासारखे तांबूस आणि किंचित आम्लधर्मी असते. पाऊस पडला की काही तासांत पातळी चढते आणि दोन दिवसांत पुन्हा उतरते. वाशिष्ठीच्या काठी वाढलेल्या माणसाला अशा आखूड, तापट नदीचा स्वभाव समजायला वेळ लागत नाही.

१७ एप्रिल, रविवार

काल पौर्णिमा झाली. पुलाखाली संध्याकाळच्या उधाणाचे पाणी बरेच वर आले होते. या आठवड्यात माशांची वाहतूक उलट दिशेने चालू आहे. दोन-तीन वर्षे नदीत वाढलेली सॅमन आणि सी ट्राउटची पिल्ले आता स्मोल्ट होऊन समुद्राकडे निघाली आहेत. नदीत असताना त्यांच्या अंगावर बोटांचे ठसे उमटल्यासारखे गडद पट्टे असतात. एप्रिल-मे महिन्यांत ते पट्टे चंदेरी थराखाली झाकले जातात, आणि बाहेरून अंग बदलत असतानाच आत कल्ले आणि मूत्रपिंडे खाऱ्या पाण्याची तयारी करतात. अंधार पडू लागला की टीचभर लांबीच्या या माशांचे थवे बंधाऱ्यावरून खाली येतात. या काळात लहान गळ आणि लहान फ्लाय (गळावर बांधलेली कृत्रिम माशी) वापरू नयेत, असे मी क्लबच्या फलकावर लिहून ठेवले आहे, कारण स्मोल्ट समोर येईल त्यावर झडप घालतात आणि हाताळणीत त्यांचे खवले सहज निघून जातात.

कायद्याने १६ जूनपूर्वी पकडलेला प्रत्येक सॅमन सोडून द्यावा लागतो. १९९९ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये हा नियम आहे, आणि तो वसंतात येणाऱ्या मोठ्या, दोन-तीन वर्षे समुद्रात काढलेल्या माशांसाठी केलेला आहे.

८ मे, रविवार

हंगामातील पहिला चांगला सी ट्राउट आज पहाटे एका सभासदाला मिळाला. येथील मंडळी या माशाला पील म्हणतात, आणि यापुढे मीही तोच शब्द वापरीन. लांबी ५२ सेंटिमीटर, आणि अंगाची चांदी अजून ताजी होती. मासा जाळीतच, पाण्यात ठेवून आम्ही त्याची ओळख पटवून घेतली, कारण या आकाराचा पील आणि लहान सॅमन यांत गल्लत होण्याचा संभव असतो. सॅमनची शेपटी मुळाशी निमुळती आणि ताठ असल्यामुळे तेथे धरून तो उचलता येतो. पील तसा धरला की हातातून निसटतो. पीलचा वरचा जबडा डोळ्याच्या मागच्या कडेच्याही पलीकडे जातो. तरीही शंका राहिली तर पाठीवरच्या छोट्या मांसल परापासून पार्श्वरेषेपर्यंत, म्हणजे अंगाच्या बाजूने आडव्या जाणाऱ्या रेषेपर्यंत, तिरके खवले मोजायचे. सॅमनला ते साधारण १० ते १३ भरतात आणि पीलला १३ ते १६. आजच्या माशाला १४ होते.

त्याच्या पार्श्वरेषेच्या किंचित वरून चार खवले बोथट चाकूने काढून कागदी पाकिटात ठेवले आणि दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. खवल्यावर झाडाच्या खोडाप्रमाणे वर्तुळे असतात. मासा भराभर वाढतो तेव्हा ती एकमेकांपासून दूर पडतात, हिवाळ्यात वाढ मंदावली की दाटीने बसतात. या खवल्याच्या केंद्राजवळ दोन दाट पट्टे होते, म्हणजे दोन हिवाळे नदीत गेले. त्यानंतर वर्तुळे एकदम रुंद झाली होती, ती समुद्रातली. त्यापुढे मात्र एका जागी कड खाल्ल्यासारखी झिजलेली होती आणि तिच्यापलीकडे वर्तुळे नव्याने सुरू झाली होती. ती झीज म्हणजे विणीची खूण आहे. नदीत परतलेला मासा महिनोन्‌महिने जवळजवळ काहीच खात नाही आणि अंड्यांसाठी लागणारी द्रव्ये स्वतःच्या अंगातून, अगदी खवल्यांच्या कडांतूनही काढून घेतो. हा मासा एकदा वीण करून समुद्रात गेला, पुन्हा पोसला आणि आता दुसऱ्यांदा वर आला होता.

सॅमन आणि पील यांच्यातील मोठा फरक येथे दिसतो. सॅमनपैकी बहुतेक मासे पहिल्या विणीनंतर मरतात. पील अनेकदा परत येतो. पील आणि नदीतला तपकिरी ट्राउट ही एकच जात आहे. काही मासे नदीत राहतात, काही समुद्रात जातात, आणि जाणाऱ्यांत माद्यांचे प्रमाण जास्त असते, कारण समुद्रात अंग भरले की अंडीही जास्त होतात. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये येणारा मोठा पील हा बहुधा अनेक वर्षांची अनुभवी मादी असतो, आणि तो ताटात वाढण्याइतका स्वस्त नाही, असे माझे ठाम मत आहे. आजचा मासा सोडण्यात आला.

२९ मे, रविवार

पाऊस नाही. पातळी महिनाभर हळूहळू खाली येत आहे.

पुलाखाली ओहोटीच्या वेळी उघडे पडणारे गाळाचे बांध पाहताना या नदीचा इतिहास लक्षात ठेवावा लागतो. मध्ययुगात लॉस्टविथिएल हे कथिलाच्या व्यापाराचे गाव होते आणि त्याच्या धक्क्याला जहाजे लागत. वरच्या पठारावर कथिल धुऊन काढताना जी वाळू आणि माती वाहून आली, तिने नदीचे पात्र भरत गेले आणि बंदराचे महत्त्व खाली फॉय गावाकडे गेले. आज आपण ज्या उथळ मुखाशी माशांची वाट पाहतो, ते काही अंशी माणसाच्या हातचे आहे. खोल पात्रात मासा ओहोटीलाही थांबू शकला असता. या उथळ पात्रात त्याला भरतीबरोबर वर यावे लागते आणि गोडे पाणी पुरेसे नसेल तर तिच्याचबरोबर परत जावे लागते.

१५ जून, बुधवार

काल पौर्णिमा होती. आज सायंकाळच्या उधाणाला पुलावर थांबून पाहिले.

कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे आम्हाला लहानपणी शिकवलेले असते, आणि त्यानुसार पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या आसपास येते. कॉर्नवॉलच्या दक्षिण किनाऱ्यावर उधाणाची भरती सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास येते आणि भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती दुपारी व मध्यरात्रीच्या आसपास. म्हणजे पाऊणपटीच्या हिशेबात साधारण सहा-सात तास मिळवले की येथील भरती कळते. भरतीचे कोष्टक खिशात असतेच, तरी हा हिशेब मनात असला की महिनाभराच्या रात्रींची आखणी कागदाशिवाय करता येते. उधाणाच्या दिवशी येथे भरती-ओहोटीत सुमारे पावणेपाच मीटरचा फरक पडतो आणि भांगाला त्याच्या निम्म्याहूनही कमी.

पाणी चढू लागल्यावर आधी बोयटांचे थवे आले. गाळावरचे शेवाळ चाटत ते पुलाच्या कमानींखाली फिरत राहिले. त्यांच्यामागून, भरतीच्या अखेरच्या अर्ध्या तासात, दोन ठिकाणी पाण्याचा पृष्ठभाग फुगून पुढे सरकताना दिसला. बोय पाण्यात घोटाळतो. पील सरळ रेषेत, वर तोंड करून जातो, आणि पाहणाऱ्याला त्याची लाट बाणाच्या टोकासारखी दिसते. तरी पुलाच्या वरच्या पहिल्या डोहात अंधार पडेपर्यंत काहीही हालचाल दिसली नाही. मासे आले आणि ओहोटीबरोबर पुन्हा खाली गेले, असा माझा तर्क आहे. उधाणाने दार उघडले खरे, पण नदीने आत बोलावले नाही.

२७ जून, सोमवार

गेल्या काही दिवसांत पठारावर बऱ्यापैकी सरी पडल्या. पातळी थोडी चढली आणि काल दुपारपासून उतरू लागली. पाण्याला हलकासा तांबूस रंग होता, पण गुडघाभर पाण्यात बुटाचे टोक दिसत होते. अमावास्या परवावर आलेली, म्हणजे चंद्राचा प्रकाश नाही. संध्याकाळची भरती पाचच्या सुमारास होऊन गेली होती. पील मारायला याहून चांगली रात्र वर्षात फार वेळा मिळत नाही.

सूर्य साडेनऊनंतर मावळला. दिवसा पील डोहाच्या तळाशी, झाडांच्या मुळांखाली दगडासारखा पडून राहतो. अंधार झाला की डोहाच्या शेपटाकडे, उथळ पाण्यात सरकतो. पूर्ण अंधार होण्यापूर्वी घाईने गळ टाकला तर शेपटाशी आलेले मासे बिचकतात आणि मग सगळी रात्र वाया जाते. म्हणून डोहाच्या काठावर बसून राहायचे, आणि समोरच्या काठावरची अल्डरची झाडे एकमेकांपासून वेगळी ओळखता येईनाशी झाली की मगच उठायचे. काल ती वेळ अकरा वाजून गेल्यावर आली.

मी तरंगती दोरी आणि आठ नंबरच्या एकाच गळावर बांधलेली काळी-चंदेरी फ्लाय वापरली. गळाचा उलटा दात पकडीने दाबून सपाट केलेला होता. पाण्यात उतरताना घोट्यापर्यंतच उतरलो, कारण रात्री मासा अनेकदा आपण उभे राहणार त्याच पाण्यात असतो. दोरी पलीकडच्या काठाकडे तिरकी टाकायची, प्रवाहाने ती हळूहळू आपल्या बाजूला आणू द्यायची, आणि डाव्या हाताच्या बोटांवर ती आठच्या आकड्यात गुंडाळत फ्लायला जेमतेम चाल द्यायची. दिसत काहीच नसते. पाण्याचा खळखळाट कोणत्या बाजूने येतो, दोरी हवेतून जाताना आवाज सारखा आहे की फाटलेला आहे, आणि दोरी बोटांवरून जाताना तिचा ताण किती आहे, एवढ्यावरच सगळे चालते. पीलचा झटका सॅमनसारखा जड नसतो. दोरी एकदम खेचली जाते आणि त्याच क्षणी अंधारात कुठेतरी पाणी फुटल्याचा आवाज येतो. मासा हवेत असतो.

शेपटाशी लागोपाठ काही मासे लागले. बहुतेक शाळकरी पील होते, म्हणजे याच वसंतात स्मोल्ट होऊन गेलेले आणि काही आठवड्यांतच परतलेले. वजन पाव ते अर्धा किलो. पीलचे तोंड मऊ असते, त्यामुळे निम्म्याहून अधिक आपणहूनच सुटले. जे जाळीत आले, त्यांच्या तोंडातला गळ पाण्यातच पकडीने फिरवून काढला. एक मोठा मासा डोहाच्या मध्यावर फ्लाय घेऊन थेट खालच्या धारेकडे पळाला आणि दोरी झुडपात अडकून तुटली. साडेबाराच्या सुमारास हवेत गारवा आला, पाण्यावर धुके बसू लागले आणि हालचाल थांबली. जुनी मंडळी अशा वेळी पहाटेपर्यंत थांबतात. मी आवरले.

नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, १५ जूनच्या उधाणाने जे झाले नाही ते कालच्या थोड्याशा पाण्याने झाले, आणि तेही कालची भरती पौर्णिमेच्या उधाणापेक्षा कमी असताना. भरतीमुळे मासा पुलापर्यंत येतो. पुलाच्या वर तो नव्या पाण्यामुळे जातो. ही गोष्ट जुन्या सभासदांना माहीत आहे, पण आता ती तापमान आणि पातळीच्या आकड्यांसह कागदावर आली आहे.

१३ जुलै, बुधवार

आज पौर्णिमा. या वर्षातील चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतानाची ही पौर्णिमा आहे, त्यामुळे पुढचे दोन-तीन दिवस उधाण मोठे राहील. नदीत मात्र पाणी नाही. पहिल्या डोहाच्या वरची धार इतकी पातळ झाली आहे की तिच्यातील दगडांची डोकी उन्हात वाळून पांढरी पडली आहेत.

१९ जुलै, मंगळवार

आज लिंकनशायरमधील कॉनिंग्सबी येथे ४०.३ अंश तापमान नोंदले गेले. ब्रिटनमध्ये आजवर मोजलेले हे सर्वांत जास्त तापमान आहे. कॉर्नवॉल त्या मानाने थंड राहिले, परंतु सायंकाळी पाच वाजता आमच्या खालच्या डोहातील नोंदयंत्राने पाण्याचे तापमान २० अंशांच्या वर दाखवले.

येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे, कारण काही सभासदांना वीस अंश हा आकडा अवाजवी वाटतो. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. १० अंशांच्या पाण्यात तो लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम मावतो, २० अंशांच्या पाण्यात सुमारे ९. त्याच वेळी गरम पाण्यात माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढलेली असते. अशा स्थितीत गळाला लागून काही मिनिटे झुंज दिलेला मासा सोडताना व्यवस्थित पोहत गेला तरी काही तासांनी मरू शकतो. तो आपल्या डोळ्यांसमोर मरत नाही, म्हणून आपण त्याला वाचवले असे समजतो. मासे सोडून देण्याच्या पद्धतीवर ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनी ती थंड पाण्यापुरती आहे हे मान्य केले पाहिजे.

मी आज क्लबच्या समितीला लेखी विनंती केली आहे की, सकाळी आठच्या मोजणीत तापमान १८ अंशांपेक्षा जास्त असेल तर त्या दिवशी आणि त्या रात्री आमच्या पट्ट्यात गळ टाकू नये. समितीने ती मान्य केली. दोन सभासद नाराज आहेत, कारण त्यांच्या सुट्ट्या याच आठवड्यात आहेत आणि वर्षाची फी त्यांनी भरलेली आहे. त्यांची नाराजी मला समजते. निर्णय बदलावा असे वाटत नाही.

बंधाऱ्याखाली एक ओढा सलग सावलीतून येऊन नदीला मिळतो. त्याच्या तोंडाशी पाणी नदीपेक्षा दीड-दोन अंशांनी थंड भरले. तेथे, हातभर रुंद थंड पट्ट्यात, दहा-बारा पील एकमेकांना चिकटून उभे होते. त्यांच्या कल्ल्यांची झाकणे झपाझप हलत होती. मी पंधरा पावले मागे राहून दुर्बिणीने पाहिले आणि वाट बदलून परत आलो. त्या जागेचा उल्लेख क्लबच्या नकाशावर करणार नाही.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

काल नारळी पौर्णिमा झाली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि दर्याला नारळ वाहून कोळी बांधव नव्या हंगामाला निघतात. माशांना विणीसाठी काही काळ मोकळीक द्यावी, ही समज तेथे कायद्याच्या कितीतरी आधीपासून सणाच्या रूपात आहे. चढणीच्या माशांच्या बाबतीत मात्र आपल्याकडे तशी मर्यादा पाळली गेली नाही. पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेले मासे शेताच्या बांधावर टोपल्यांनी पकडले जातात, आणि आता पूर्वीइतके मासे चढत नाहीत म्हणून हळहळही तेथेच व्यक्त होते. येथील विणीच्या काळातील बंदी पाहताना मला ते वारंवार आठवते.

आज पर्यावरण विभागाने डेव्हन आणि कॉर्नवॉलसह इंग्लंडच्या आठ भागांत दुष्काळ जाहीर केला. इंग्लंडमधील यंदाचा जुलै १९३५ नंतरचा सर्वांत कोरडा ठरला आहे.

फॉयमध्ये या घडीला जे पाणी वाहते आहे, त्यात धरणातून सोडलेल्या पाण्याचा वाटा मोठा आहे. पठारावरील कॉलिफर्ड आणि सिब्लीबॅक या जलाशयांतून नदीत पाणी सोडले जाते आणि ते खाली रेस्टॉर्मेल येथे पिण्यासाठी उचलले जाते. अर्थात नदी येथे पाण्याच्या नळाचे काम करते, आणि त्याचा एक लाभ असा की बंधाऱ्यापर्यंतच्या वरच्या पात्रात दुष्काळातही थोडा प्रवाह राहतो. बंधाऱ्याखालचा आमचा पट्टा त्या उचलण्याच्या खाली येतो. वाशिष्ठीला कोयनेच्या वीजगृहांतून सोडलेले पाणी मिळते, त्यामुळे तेथे उन्हाळ्यातही नदी वाहती असते. नदीच्या पातळीचा निर्णय आकाशाखेरीज कोठेतरी दुसरीकडेही होतो, ही गोष्ट चिपळूणच्या माणसाला नवीन नाही. माझी सूचना एवढीच आहे की, सोडायच्या पाण्यापैकी काही भाग उधाणाच्या रात्रींना एकत्र सोडता आला तर पुलाखाली थांबलेल्या माशांना वर येण्याची संधी मिळेल. तेवढेच पाणी रोज थोडेथोडे सोडल्याने मासा हलत नाही. ही सूचना क्लबमार्फत लेखी गेली आहे.

खाडीत गोलांटच्या बाजूला दोन सील दिसू लागले आहेत. मासे तेथे अडकले आहेत, हे त्यांना आपल्याआधी कळले.

२३ ऑगस्ट, मंगळवार

आजपासून कॉर्नवॉलमध्ये बागेला नळीने पाणी घालण्यावर बंदी आली. क्लबचा पट्टा बंदच आहे. नोंदयंत्रे स्वच्छ करून परत बसवली.

१० सप्टेंबर, शनिवार

काल अनंत चतुर्दशी, आज पौर्णिमा. गेल्या आठवड्यातील सरींनी नदी प्रथमच ठळकपणे चढली आणि तापमान १५ अंशांवर आले, म्हणून बंदी उठवली. पाणी आणि उधाण एकत्र आल्यावर काय होते ते काल संध्याकाळी दिसले. भरती पूर्ण होण्याच्या आधीपासूनच पुलाखालून मासे एकामागून एक वर जात होते, आणि पहिल्या उथळ धारेत त्यांच्या पाठी उघड्या पडत होत्या. ताज्या पीलपेक्षा यांचा रंग वेगळा होता. अनेक आठवडे निमखाऱ्या पाण्यात काढल्यामुळे ते तपकिरी पडले होते आणि काहींच्या अंगावर सीलच्या दातांचे ओरखडे होते. मी गळ टाकला नाही. उन्हाळाभर कोंडलेल्या माशांना पहिल्याच रात्री अडवणे मला पटले नाही, आणि इतर सभासदांनीही न सांगता तेच केले याचे समाधान वाटले.

३० सप्टेंबर, शुक्रवार

पीलचा हंगाम आज संपला. आमच्या पट्ट्यात जे पील नोंदले गेले, त्यांतील जवळजवळ सगळे जूनच्या अखेरच्या चढणीतले आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातले आहेत. मधली पाने तापमानाच्या आकड्यांनी भरलेली आहेत.

२३ ऑक्टोबर, रविवार

कॉलिफर्डचा साठा १५ टक्क्यांच्या आसपास उतरला आहे, तरीही नदी भरून वाहते आहे. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे लोकांना समजावून सांगावे लागते. पाऊस पडला की नदी दोन दिवसांत भरते; मोठा जलाशय भरायला एखादा हिवाळाही पुरत नाही.

२० नोव्हेंबर, रविवार

काल पाणी उतरत असताना, सकाळी दहाच्या सुमारास, रेस्टॉर्मेलच्या खालच्या लांब धारेत सॅमन लागला. फ्लाय धारेच्या मध्यावर आली असताना दोरी जणू बुडलेल्या ओंडक्याला अडकावी तशी थांबली, आणि मग तो ओंडका संथपणे वर चालू लागला. मादी होती, अंदाजे साडेतीन किलो, पाठ निळसर करडी आणि पोट चांदीचे. शेपटीजवळ सागरी उवा होत्या आणि त्यांच्या मागे दोऱ्यासारख्या शेपट्या अजून शाबूत होत्या. गोड्या पाण्यात या शेपट्या एक-दोन दिवसांत गळतात, म्हणजे हा मासा परवा समुद्रात होता. तिचे डोके प्रवाहाकडे धरून, शेपटीच्या मुळाला हाताचा आधार देऊन मी पाण्यातच उभा राहिलो. पाणी ९ अंश होते. तिला सावरायला अर्धे मिनिटही लागले नाही. एका झटक्यात हात रिकामा झाला.

वर रेस्प्रिनच्या पुलाजवळ पहिले विणीचे खड्डे दिसू लागले आहेत. मादी कुशीवर होऊन शेपटीने खडी उडवते, खळग्यात अंडी घालते, नर ती फळवतो आणि मग ती थोडी वर सरकून पुन्हा खडी उडवते, म्हणजे खालची अंडी झाकली जातात. ताजी उलथलेली खडी आजूबाजूच्या शेवाळलेल्या दगडांत फिकट, लांबट ठिपक्यासारखी उठून दिसते. तेथे पाय ठेवू नये आणि कुत्री पाण्यात सोडू नयेत, अशा पाट्या आम्ही फिरायला येणाऱ्यांच्या वाटेवर लावल्या आहेत.

१५ डिसेंबर, गुरुवार

हंगामाचा शेवटचा दिवस. आठवडाभर कडाक्याची थंडी आहे, रॉडच्या कड्यांत बर्फ धरत होते, आणि नदीवर मोजकेच सभासद आले. कोणालाही मासा लागला नाही.

थंडीचे मला स्वागतच वाटते. सॅमनचे अंडे फुटायला सुमारे ४४० अंश-दिवस (रोजच्या पाण्याच्या तापमानाची बेरीज) लागतात, म्हणजे पाणी सरासरी ५ अंश असेल तर जवळपास तीन महिने. पाणी फार उबदार राहिले तर अंडी कमकुवत होतात. डिसेंबर २०१५ असाच विक्रमी उबदार आणि पुराचा गेला होता, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समधील अनेक नद्यांत सॅमनची पिल्ले फारच थोडी आढळली. म्हणून दोन नोंदयंत्रे डोहातून काढून आज रेस्प्रिनजवळ विणीच्या खड्ड्यांच्या शेजारी, खडीत वीतभर खोल पुरली. मार्चअखेर ती काढू.

परवानाधारकांनी मासेमारीचा तपशील, एकही मासा मिळाला नसला तरी, शासनाला कळवायचा असतो. क्लबमधील सर्वांचे तपशील गोळा करून पाठवण्याचे काम या महिन्यात करायचे आहे. फेब्रुवारीत खालच्या दोन डोहांच्या दक्षिण काठावर अल्डर आणि विलोची लागवड आहे. दुपारचे ऊन त्या बाजूने येते आणि गुरांनी तेथील काठ उघडा केला आहे. कुंपणाच्या खर्चाला शेतमालकाने निम्मा वाटा देण्याचे कबूल केले आहे.

पुरवणी, १६ डिसेंबर २०२३

आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने या आठवड्यात लाल यादी सुधारली. अटलांटिक सॅमन जगभरासाठी आता 'जवळपास संकटग्रस्त' गटात आला आहे, आणि ब्रिटनमधील सॅमनची नोंद 'संकटग्रस्त' अशी झाली आहे. बागेला नळीने पाणी घालण्यावरील बंदी यंदा सप्टेंबरअखेर उठली, म्हणजे ती वर्षाहून अधिक काळ चालली.

सकाळी आठच्या १८ अंशांचा नियम क्लबच्या नियमावलीत कायमचा घेतला गेला असून, तापमानाचा आकडा रोज पुलाजवळच्या पेटीवर लावला जातो. उधाणाच्या रात्री पाणी एकत्र सोडण्याच्या सूचनेवर बोलणी चालू आहेत. दक्षिण काठावरील रोपांपैकी विलो जोमात आहे. अल्डरची काही रोपे पुरात गेली, ती फेब्रुवारीत पुन्हा लावायची आहेत.